क्रिस्टोफ ग्राउप्नर : एक विस्मृत जर्मन संगीतकार

पाश्चात्य संगीताचा इतिहास चाळणाऱ्यास योहान सेबास्टियन बाख हें नांव ठायीं ठायीं भेटतें. बाखच्या चरित्रांत १७२३ सालच्या प्रकरणीं दुसऱ्या एका माणसाचा उल्लेख एकदोन ओळींत येतो आणि तेथेंच संपतो. लाइप्झिग नगरींतील सेंट टॉमस मंदिराच्या संगीताचार्याची जागा त्या माणसाला देऊं केली होती. त्याला ती घेतां आली नाहीं, म्हणून ती बाखला मिळाली. एवढें सांगून बहुतेक चरित्रकार त्याचा निरोप घेतात. हा माणूस म्हणजे क्रिस्टोफ ग्राउप्नर. हयातींत त्याची गणना जर्मनींतील पहिल्या प्रतीच्या संगीतकारांत होत असे. केवळ उपासनेसाठीं रचिलेल्या त्याच्या कँटाटा चौदाशेंहून अधिक आहेत. असें असून त्याच्या मृत्यूनंतर सुमारें दीडशें वर्षें त्याचें संगीत जवळजवळ कोणाच्याच कानीं पडलें नाहीं. असें कां घडलें, आणि ह्या जीवनापासून आपण काय घ्यावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ग्राउप्नरचा जन्म १३ जानेवारी १६८३ रोजीं साक्सनी प्रांतांतील किर्खबर्ग गांवाजवळच्या हार्टमान्सडोर्फ नांवाच्या खेड्यांत झाला. म्हणजे बाख व हँडेल ह्या दोघांहून तो दोन वर्षांनीं वडील. संगीताचे पहिले धडे त्याला निकोलाउस क्यूस्टर नांवाच्या आपल्या एका नातलगाकडून मिळाले. हा क्यूस्टर ऑर्गनवादक होता. पुढें तो रायखेनबाख येथें गेला तेव्हां हा मुलगाही विद्येसाठीं त्याच्या मागोमाग गेला. तेथून १६९६ सालीं ग्राउप्नर लाइप्झिगच्या सेंट टॉमस शाळेंत दाखल झाला.

ह्या शाळेची रीति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गरीब परंतु सुस्वर मुलांस तेथें अन्न, निवारा व विद्या मिळे, आणि त्या बदल्यांत तीं मुलें शहरांतील मंदिरांत उपासनेच्या वेळीं गात. लॅटिन भाषा, धर्मशिक्षण व संगीत हीं तीन अंगें तेथें एकत्र नांदत होतीं. शाळेचा संगीताचार्य हाच शहरांतील प्रमुख मंदिरांच्या संगीताचाही अधिकारी असे. ग्राउप्नरच्या काळीं ही जागा प्रथम योहान शेले व त्याच्यामागून योहान कूनाउ ह्या विद्वान् पुरुषाकडे होती. कूनाउच्या रचनांच्या प्रती करून देण्याचें काम ग्राउप्नरकडे असे. आज कोणास तें काम हलकें वाटेल. परंतु गुरूची रचना ओळीमागून ओळ उतरून घेतां घेतां तिची बांधणी हाताला व डोळ्याला एकदमच कळते. आणि ग्राउप्नरचें पुढें प्रसिद्ध झालेलें सुबक हस्ताक्षर ह्याच कामांत घडलें असावें. शाळेनंतर त्यानें लाइप्झिगच्याच विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास केला. गेऑर्ग फिलिप टेलेमान हा पुढें विख्यात झालेला संगीतकार तेथें त्याचा मित्र झाला.

१७०६ सालीं स्वीडनच्या सैन्यानें साक्सनींत प्रवेश केला. त्या धामधुमींत ग्राउप्नरनें लाइप्झिग सोडलें व तो हँबुर्ग येथें गेला. हँबुर्ग हें व्यापारी बंदर असून तेथें ऑपेराचें मोठें नाट्यगृह होतें. ऑपेरा म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत गाऊन सादर केलेलें नाटक. राइनहार्ड कायझर हा त्या नाट्यगृहाचा प्रमुख रचनाकार होता, आणि तरुण हँडेल ह्यानेंही उमेदवारीचा काळ त्याच ठिकाणीं घालविला होता. ग्राउप्नरला तेथें हार्पसिकॉर्ड वाजविण्याचें काम मिळालें. हें पियानोच्या आधीचें तारांचें वाद्य होय. पट्टी दाबली असतां आंतील पिसाच्या टोकानें तार छेडली जाते. लवकरच तो स्वतःही ऑपेरा रचूं लागला. कार्थेजची राणी डिडो हिच्या कथेवरील त्याचा ऑपेरा १७०७ सालीं रंगभूमीवर आला.

हँबुर्ग येथेंच त्याच्या आयुष्याला निराळें वळण लागलें. हेस्से-डार्मस्टाट ह्या संस्थानाचा अधिपति एर्न्स्ट लुडविग हा संगीताचा मोठा शोकी होता. त्या काळीं जर्मनी हें एक राष्ट्र नव्हतें. तेथें लहानमोठीं शेंकडों संस्थानें होतीं, आणि आपल्या दरबारीं उत्तम वाद्यवृंद असावा ही प्रत्येक संस्थानिकाची हौस असे. एर्न्स्ट लुडविगनें १७०९ सालीं ग्राउप्नरला डार्मस्टाट येथें आणिलें, आणि थोड्याच वर्षांत तो तेथील दरबारी संगीताचा मुख्य झाला. १७११ सालीं त्याचा विवाह झाला. ह्यापुढील त्याचें उभें आयुष्य डार्मस्टाटमध्येंच गेलें.

तेथें त्याला काय करावें लागे हें समजण्यास कँटाटा म्हणजे काय हें समजलें पाहिजे. लूथरपंथी उपासनेंत त्या त्या रविवारीं शुभवर्तमानांतील ठराविक भाग वाचला जाई व पाळक त्यावर उपदेश करी. त्याच भागाचा आशय गायक व वादक मिळून स्वरांत मांडीत. ह्या रचनेला कँटाटा म्हणतात. तींत कांहीं ठिकाणीं सर्व गायक एकत्र गातात, कांहीं ठिकाणीं एकटा गायक पदें गातो, कांहीं भाग बोलल्यासारखा गायिला जातो, आणि सर्वांच्या परिचयाचें एखादें भक्तिगीत तींत गुंफलेलें असतें. म्हणजे ती एक प्रकारें स्वरांतील प्रवचनच होय. ग्राउप्नरच्या कँटाटांचे शब्द अनेक वर्षें त्याचा साडू योहान कोनराड लिख्टेनबर्ग ह्यानें लिहून दिले. हा लिख्टेनबर्ग पाळक होता. पुढें प्रसिद्धीस आलेला शास्त्रज्ञ व लेखक गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग हा त्याचाच मुलगा.

आतां एक साधा हिशेब करूं. १७०९ पासून १७५४ पर्यंत पंचेचाळीस वर्षांत चौदाशें कँटाटा, म्हणजे दरसाल सरासरी एकतीस. पंधरा दिवसांत एकीहून अधिक. प्रत्येक वेळीं शब्द वाचावयाचे, त्यांवर चिंतन करावयाचें, सर्व वाद्यांचे व गायकांचे स्वर एकाखालीं एक मांडून मूळ प्रत लिहावयाची, प्रत्येक गायकवादकासाठीं स्वतंत्र पानें तयार करवावयाचीं, तालीम घ्यावयाची, आणि रविवारीं मंदिरांत सादर करावयाचें. सोमवारीं पुढच्या रविवारची चिंता पुढें उभीच. ह्याशिवाय दरबारासाठीं त्यानें शंभराहून अधिक सिंफनी, ऐंशींहून अधिक वाद्यवृंदाच्या नृत्यमालिका व चाळिसांहून अधिक कॉन्चेर्टो रचिले. हार्पसिकॉर्डच्या रचना आणखी निराळ्या. १७२२ सालीं त्यानें हार्पसिकॉर्डसाठीं बारा रचनांचा एक संग्रह छापविला. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याला एक, अशी त्याची योजना असून ‘क्लाव्हियरचीं मासिक फळें’ अशा अर्थाचें नांव त्याला दिलें होतें. १७२८ सालीं डार्मस्टाटच्या मंदिरांसाठीं त्यानें भक्तिगीतांच्या चालींचें पुस्तकही सिद्ध केलें.

परंतु संस्थानिकाची हौस मोठी आणि तिजोरी लहान, असा प्रकार होता. १७१९ च्या सुमारास खर्च झेपेना म्हणून डार्मस्टाटचा ऑपेरा बंद पडला. वादकांचे पगार तुंबूं लागले. ग्राउप्नरचाही पगार थकला, आणि त्याचें कुटुंब तर वाढत होतें. अशा अडचणींत असतांना त्याला आपल्या जुन्या शाळेकडून हांक आली.

५ जून १७२२ रोजीं कूनाउ मरण पावला. लाइप्झिगच्या नगरसभेनें त्या जागीं प्रथम टेलेमानची निवड केली. परंतु टेलेमान त्या वेळीं हँबुर्ग येथें होता, आणि तेथील लोकांनीं त्याचें वेतन वाढवून त्याला ठेवून घेतलें. तेव्हां नगरसभेची दृष्टि ग्राउप्नरकडे वळली. तो त्याच शाळेचा जुना विद्यार्थी, कूनाउचा शिष्य, आणि नांवाजलेला रचनाकार. जानेवारी १७२३ मध्यें त्यानें लाइप्झिग येथें जाऊन परीक्षेदाखल आपलें संगीत सादर केलें. नगरसभेचें समाधान झालें. ज्या शाळेंत तो तेरा वर्षांचा असतांना शिकावयास आला होता, तेथेंच आतां तो आचार्य होऊन जाणार, असें सर्वांस वाटलें. त्याला स्वतःलाही जावयाचें होतें. राहिलें होतें तें एवढेंच, कीं धन्याकडून सुटका मिळावयाची.

ती मिळाली नाहीं. एर्न्स्ट लुडविगनें त्याला सोडण्याचें साफ नाकारलें. त्यानें थकलेला पगार देण्याची व्यवस्था केली, वेतन वाढविलें आणि पुढेंही तें चालू राहील असें आश्वासन दिलें. परंतु जाऊं दिलें नाहीं. त्या काळच्या रूढीप्रमाणें दरबारी संगीतकार हा चाकरच. धन्याची परवानगी नसतां त्याला नोकरी सोडतां येत नसे. राजाश्रयामुळें कला वाढते हें खरें; परंतु त्या आश्रयाची ही दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावी. ज्याच्या कीर्तीमुळें दूरच्या नगरीनें त्याला बोलाविलें, त्यालाच आपण कोठें राहावें हें ठरविण्याची मोकळीक नव्हती.

आतां लाइप्झिगकरांपुढें बाखचें नांव उरलें. त्यानें ७ फेब्रुवारी १७२३ रोजीं आपली परीक्षा दिली होती. उत्तम माणसें मिळत नाहींत तर मध्यम प्रतीच्या माणसावर भागवावें लागेल, अशा अर्थाचे उद्गार नगरसभेच्या एका सभासदानें काढल्याची नोंद आहे. पुढील पिढ्यांनीं ज्याला संगीताचा महामेरु म्हटलें, त्याच्याविषयीं त्या वेळीं हें मत! २२ एप्रिल रोजीं बाखची निवड झाली.

ह्यानंतर ग्राउप्नरनें जें केलें तें त्याच्या स्वभावाची साक्ष देणारें आहे. ४ मे १७२३ रोजीं त्यानें लाइप्झिगच्या नगरसभेला पत्र लिहून बाखची वाखाणणी केली. ऑर्गनवादनांत हा माणूस जसा प्रबळ, तसाच मंदिराच्या व दरबाराच्या संगीतांतही तज्ज्ञ असून तो आपलें काम प्रामाणिकपणें करील, असा त्या पत्राचा भावार्थ होता. निवड आधींच झाली होती. तेव्हां ह्या पत्रामुळें बाखला जागा मिळाली असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. परंतु त्यामुळें पत्राची किंमत कमी होत नाहीं, उलट वाढते. आपल्याला हवी असलेली जागा दुसऱ्यास मिळाल्यावर, आणि कांहीं लिहिण्याची सक्ति नसतांना, त्या दुसऱ्याविषयीं चार चांगले शब्द लिहावे असें किती जणांस सुचतें? मत्सरास सबळ कारण होतें, आणि त्या ठिकाणीं ग्राउप्नरनें गुणज्ञता दाखविली. नगरसभेंतील प्रतिष्ठितांस बाख मध्यम प्रतीचा वाटत होता. त्याची योग्यता ओळखली ती त्याच्याच धंद्यांतील ह्या माणसानें.

ग्राउप्नर डार्मस्टाटला राहिला व पूर्वीप्रमाणेंच कामाला लागला. ह्यापुढील तीस वर्षांच्या हकीकतींत सांगण्यासारखी मोठी घटना नाहीं. रविवारामागून रविवार, सणामागून सण, आणि प्रत्येकासाठीं रचना. मंदिराच्या संगीताचा कांहीं भार पूर्वीं गॉटफ्रीड ग्रुनेवाल्ड हा त्याचा दुय्यम सहकारी उचलीत असे; १७३९ सालीं तो वारला आणि सर्व भार ग्राउप्नरवर पडला. १७४० सालीं हँबुर्गच्या योहान माटेसन ह्यानें संगीतकारांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठीं ग्राउप्नरनें पाठविलेल्या आत्मवृत्तांत, कामाचा व्याप इतका आहे कीं दुसरें कांहीं करण्यास फुरसतच मिळत नाहीं, अशा अर्थाचा मजकूर आहे. त्यांत तक्रार थोडी आहे, वस्तुस्थितीच अधिक.

एवढें लिहिणारा माणूस एकच सांचा पुनः पुन्हां वापरीत असेल अशी शंका सहज येते. परंतु त्याच्या रचना पाहणाऱ्यांचा अनुभव तसा नाहीं. वाद्यांच्या ध्वनींचा त्याला विलक्षण छंद होता. क्लॅरिनेटचें पूर्वरूप असें जें शालुमो नांवाचें मृदु आवाजाचें फुंकवाद्य, त्याचा उपयोग त्यानें ऐंशींच्या वर कँटाटांत केला आहे. व्हायोला दामोर ह्या वाद्याला वाजविण्याच्या तारांखालीं आणखी तारा असतात व त्या आपोआप झंकारतात. आपल्या सतारीच्या तरफांची येथें आठवण होते. हें वाद्यही त्याच्या विशेष आवडीचें. एका सिंफनींत तर त्यानें सहा नगारे निरनिराळ्या स्वरांत लावून वाजविण्याची योजना केली आहे. १७४३ सालच्या उपवासकाळासाठीं त्यानें प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर कँटाटांची मालिका रचिली. अशा प्रसंगीं त्याचें संगीत गाजावाजा करीत नाहीं. थोडीं वाद्यें, मंद गति, आणि शब्द स्पष्ट ऐकूं यावा अशी मांडणी. बाखच्या रचनेंतील अफाट विस्तार व खोली येथें शोधूं नये. ग्राउप्नर हा बाख नव्हे, आणि त्याला बाख ठरविण्याचा प्रयत्न करणें म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणें होय. त्याचें मोल त्याच्या स्वतःच्या आवाजांत आहे.

१७५४ सालीं त्याची दृष्टि गेली. ज्याचें सारें जीवन कागदावर स्वर लिहिण्यांत गेलें, त्याच्या हातची लेखणी अशी गळून पडली. त्यानंतर सहा वर्षांनीं, १० मे १७६० रोजीं, तो सत्त्याहत्तराव्या वर्षीं निवर्तला.

त्याच्या मागें हजारों पानांचा हस्तलिखित संग्रह उरला, आणि येथेंच त्याच्या विस्मृतीचें मुख्य कारण सांपडतें. हा संग्रह कोणाचा? आमच्या वडिलांच्या हातचा, म्हणून आमचा, असें त्याच्या वारसांचें म्हणणें. तो दरबाराचा पगारी नोकर होता, म्हणून त्यानें लिहिलेलें दरबाराचें, असें संस्थानचें म्हणणें. हा वाद दीर्घकाळ चालला आणि शेवटीं निकाल संस्थानच्या बाजूनें लागला. वारसांना तीं हस्तलिखितें विकतां येईनात कीं छापतां येईनात. तीं डार्मस्टाटच्या राजवाड्यांत पडून राहिलीं. इकडे लोकांची अभिरुचि पालटली. हायडन व मोझार्ट ह्यांचें नवें संगीत सर्वत्र पसरलें. ग्राउप्नरचें संगीत ऐकलेली पिढी निघून गेली. १८२९ सालीं मेंडेल्सोन ह्यानें बर्लिन येथें बाखचें मॅथ्यूकृत शुभवर्तमानावरील दुःखसहनाचें संगीत सादर करून बाखच्या पुनरुज्जीवनास मोठी चालना दिली. ग्राउप्नरच्या संगीताला असा कोणी वाली तेव्हां भेटला नाहीं.

परंतु ईश्वरी योजना कशी असते पाहा. बाखच्या मृत्यूनंतर त्याचीं हस्तलिखितें त्याच्या पत्नींत व मुलांत वांटलीं गेलीं. त्यांतील कांहीं विकलीं गेलीं, कांहीं हरवलीं, आणि त्याच्या कितीतरी कँटाटा आज जगाला मिळत नाहींत. ग्राउप्नरचीं हस्तलिखितें मात्र कज्जामुळेंच एका जागीं अडकून राहिलीं व म्हणूनच जवळजवळ अखंड टिकलीं. ज्या निकालानें त्याची कीर्ति बुजविली, त्याच निकालानें त्याचें कार्य राखिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं विद्वानांचें त्यांकडे लक्ष गेलें. फ्रीड्रिख नोआक ह्यानें १९१६ सालीं त्याच्या मंदिरसंगीतावर ग्रंथ लिहिला व १९२६ सालीं निवडक कँटाटा छापून प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या महायुद्धांत ११ सप्टेंबर १९४४ च्या रात्रीं विमानांतून झालेल्या बाँबवर्षावांत डार्मस्टाट शहराचा मध्यभाग व राजवाडा जळून गेला. पण ग्राउप्नरचा संग्रह त्यांतूनही वाचला.

२००० सालीं झेनेव्हिएव्ह सोली ह्या कॅनडांतील हार्पसिकॉर्डवादक बाईंना अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत त्याच्या रचना पाहावयास मिळाल्या. त्यांनीं त्या वाजवून ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यामुळें जाणकारांचे कान पुनः ह्या संगीताकडे वळले. २००३ सालीं डार्मस्टाट येथें त्याच्या नांवाची संस्था स्थापन झाली. २००५ सालीं त्याच्या वाद्यसंगीताची पद्धतशीर सूचि प्रसिद्ध झाली. डार्मस्टाटच्या विद्यापीठ-ग्रंथालयानें त्याचीं हस्तलिखितें छायाचित्ररूपानें सर्वांस खुलीं केलीं आहेत. दोनशें वर्षें कुलुपांत राहिलेलीं तीं सुबक पानें आतां कोणत्याही देशांतील विद्यार्थ्यास घरबसल्या पाहतां येतात.

विद्यार्थिमित्रांनो, ग्राउप्नरची कथा वाचून ‘चांगल्या कामाचें चीज शेवटीं होतेंच’ असा सोपा बोध काढण्याचा मोह होतो. तो खरा नाहीं. कितीक प्रामाणिक माणसांचीं कामें राजवाड्यांत न सांपडतां आगींत व पुरांत नाहींशीं झालीं असतील. त्यांचीं नांवें आपणांस कळणारही नाहींत. शिवाय ग्राउप्नरला ह्या चिजाचा कांहीं उपयोग झाला नाहीं; त्याच्या थडग्यावर दोन शतकें लोटल्यावर टाळ्या वाजल्या. बोध निराळा आहे. त्यानें चौदाशें कँटाटा पुढच्या शतकासाठीं लिहिल्या नव्हत्या. प्रत्येक कँटाटा येणाऱ्या रविवारसाठीं लिहिली होती. मंदिरांत जमणाऱ्या माणसांच्या कानीं त्या दिवसाचें शुभवर्तमान नीट पडावें एवढाच त्याचा हेतु होता, आणि तो दर वेळीं पार पडला. पगार तुंबला तरी, जुन्या शाळेचें दार उघडून पुनः बंद झालें तरी, पुढच्या रविवारचें पान कोरें राहिलें नाहीं. कीर्ति मिळणें न मिळणें आपल्या हातीं नसतें. पुढच्या रविवारचें काम, आणि जें आपल्याला मिळालें नाहीं तें ज्याला मिळालें त्याच्याविषयीं लिहावयाचे चार चांगले शब्द, हीं दोन मात्र आपल्या हातीं असतात. क्रिस्टोफ ग्राउप्नरनें हीं दोन्ही केलीं.